माप

पाद्र्यांनी मला ब्राझ केले, त्याला तोमे.
घरचे नाव मी सांगितले, रायू.
त्याचे तीनदा ऐकले तेव्हा जिभेवर बसले:
सुकेगोरो.

दिवाडीच्या खळ्यावर कोरगुट मळून झाले होते,
फिदाल्गोची होडी वाटा न्यायला आली,
वल्ह्यावर हा.
मी कुडव भरला, वरून काठी फिरवली,
म्हटले, लाभ.
एक का नाही? त्याने मोडक्या फिरंगीत विचारले.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
का, ते मलाही ठाऊक नव्हते.

मग तोच बोलू लागला, पोती शिवता शिवता.
आमच्याकडे धनीच मापाने मोजतात.
मुलखात पिकेल तेवढा तांदूळ, तेवढा तो मोठा.
एका माणसाचे वर्षाचे जेवण म्हणजे एक कोकू.
माझा दाइम्यो आठ हजारांचा.
थोरल्या धन्यापासून किती हात दूर बसायचे
तेही या आकड्यावर,
तलवारी सगळ्यांच्याच कमरेला.

मी मापारी. विचारले, कोकू केवढा?
त्याने ओंजळींनी दाखवला.
आमच्या खंडीहून दोन कुडव वर.

शेजारच्या धन्याने किल्ला घेतला
की याच्या धन्याने वाकून दिला,
त्याला माहीत नाही.
तो तेव्हा बंदरात, पायाला दोर.
पुढे मकाव, मलाक्का,
आणि रुआ दिरैतवरचा लिलाव, जिथे आधी दात बघतात.
मागून विकून आलेल्या गावच्या पोराने सांगितले,
नव्या धन्याने मुलूख पुन्हा मोजला.
कमी भरला असेल, मी म्हटले.
आठ हजारच, तो म्हणाला.
शेते कुठे विकली होती?

मानशीतून भरतीचे पाणी आत यायला लागले होते.
कारकून सावलीला घोरत होता.
मी काय म्हणून केले कोण जाणे,
रिकाम्या चटईवर वेगळी रास घातली:
लाभ, दोन, तीन,
वीस,
आणि वर दोन.
जेमतेम मांडीला लागली.
तो शेजारी उकिडवा बसला, तिच्याकडे बघत.
एक चिमणी आली, चार दाणे टिपले,
दोघांनीही हाकलली नाही.

कारकून उठला. ही कुणाची?
फिदाल्गोचीच, मी म्हटले.
सुकेगोरोने सूप घेतले, सगळी पोत्यात लोटली,
तोंड शिवले,
आणि खांद्यावर घेऊन होडीकडे चालू लागला.