वासे मोजताना

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
माझा तर धंदाच तो.
सकाळपासून थर्केटलबाईंचा तिसरा चहा झाला
आणि मी त्यांच्याच पोटमाळ्यात पालथी,
तोंडात टॉर्च, केसांत जळमटं,
सफोकच्या चिकणमातीत पाचशे वर्षं उभ्या
गॉसलिंग एंडचे वासे मोजते आहे.

रस्त्यावरून पाहिलंत तर घर लाल विटांचं,
पाच खिडक्या, मधोमध दार.
वीट एकाच थराची.
गहू चांगला पिकला त्या वर्षी कुणीतरी
फाटक्या बनियनवर चढवलेला इस्त्रीचा सदरा.
पाचवी खिडकी तर खिडकीच नाही,
काळ्या रंगावर पांढऱ्या रेघा;
आतल्या अंगाला मुरंब्याच्या बरण्यांचं कपाट.

मागून मात्र घर अजून कुडाचं.
हेझलच्या काटक्या, माती, शेण,
गिलाव्यात तांबड्या गाईचे केस,
ओढले तरी तुटत नाहीत.

इथे वर लाकूड काळं आहे.
जळलेलं नव्हे, धुरावलेलं.
तेव्हा धुराडं नव्हतं.
जमिनीच्या मध्यावर विस्तव, भोवती माणसं, कुत्री,
आणि धूर आपली वाट आपण शोधायचा
गवती छपरातून.
बोट फिरवलं की बोटावर येतं
कुणाचं तरी रात्रीचं जेवण.

मग विटांचं धुराडं आलं,
घराच्या पोटात पाचरीसारखं ठोकलेलं.
धूर आवरला तशी वर तक्तपोशी पडली
आणि माणसं पहिल्यांदाच जिना चढून झोपायला गेली.
त्या खोलीत गोटी ठेवा,
घरंगळत उत्तरेच्या भिंतीला जाते.
बाईंच्या नवऱ्याने लहानपणी हरवलेल्या सगळ्या तिथेच निघाल्या.
त्यानेच पुढे गुलाबी टब बसवला,
बाहेरून सिमेंट थापलं, घराचा श्वास कोंडला,
आणि पायथ्याची ओकची तुळई
आतून केकसारखी भुसभुशीत झाली.
मला बोलावलं ते त्यासाठी.

पण मी आकडे बघत बसले आहे.
सुताराने जोडाजोडावर छिन्नीने कोरलेले,
एक काडी, दोन, तीन, चार.
चार खण. मग पूर्वेची भिंत.
काल तिथलं सिमेंट खरवडलं
तर खांबाला, बाहेरच्या अंगाने, रिकामी खाच.
खुंट्यांची भोकं स्वच्छ;
जोड हलक्या हाताने सोडवलेला,
खुंट्या पुन्हा वापरायला नेलेल्या.
वरची तुळई मात्र सलग होती.
तिच्यावर करवतीचे दात, तिरके,
घाईचे, किंवा रागाचे.

एकेचाळीस पावलांवर कोंबड्यांचं खुराडं.
वाकून आत गेले. पत्रा, पिसं, उबदार घाण.
वर टॉर्च मारला. काळे वासे.
कोंबड्या काही चूल पेटवत नाहीत.
खांबावर दोन तिरक्या रेघा, खाली टोकाला मिळालेल्या.
पाच.

बिस्किटांच्या डब्यात बाईंकडे
जुन्या मृत्युपत्राची नक्कल आहे.
अँब्रोसला घर. धाकट्या जोस्लिनला पूर्वेची खोली,
विहिरीचं पाणी, चुलीतला निखारा,
आणि अंगणातून जाण्यायेण्याची वाट, "भांडण न करता".
पुढचा कागद नाही.
करवत आहे.

भाऊबंदकी असेल.
नाहीतर जोस्लिनला नुसतीच हौस असेल
सकाळी स्वतःच्या दारातून बाहेर पडायची.
किती बैल लागले असतील?
निखारा मागायला तो परत आला असेल का
एकेचाळीस पावलं, हातात खापर घेऊन?

बाईंना सांगितलं. त्यांनी किटली ठेवली.
"म्हणजे इतकी वर्षं माझ्या कोंबड्या
दिवाणखान्यात राहतायत?
तरीच मेल्यांची मिजास."

फॉर्मवर रकाना आहे: एकूण खण.
चार लिहिलं. खोडलं.
बाहेर उजेड उतरतो आहे.
एकेक कोंबडी दारात मान घालते, थांबते,
आणि काळ्या वाशांखाली
आपापली जागा घेते.