उरलेले दोन

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
पारकर मला शिकवायचा, नापास कसं व्हायचं नाही ते.
पाळी संपलेली, तांदूळ कुकरात,
आणि उलथणं खडूसारखं धरून तो:
"आधी शेवटची ओळ वाच.
वरचा सगळा मजकूर म्हणजे वाजंत्री,
नवरा शेवटच्या ओळीत बसलेला असतो."

चारातले दोन सरळ खुळे, म्हणायचा.
त्यांना आधी दाराबाहेर काढ.
'नेहमी' म्हणणारा खोटारडा,
'कधीच नाही' म्हणणारा त्याचा सख्खा भाऊ.
उरलेले दोन जुळे दिसतील,
एकाच ताग्यातले सदरे घातलेले.
तिथे घाई नको.
'सर्वप्रथम', 'कमीत कमी खर्चात',
असा एखादा शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत असेल,
त्यावर बोट ठेव.
नाहीच कळलं तर खूण कर, पुढे हो.
रिकामं मात्र सोडू नको,
चुकीला दंड नाही तिथे.
'तिथे' म्हणताना तो जरा हसायचा.

मी दोनदा आपटलो होतो.
दोन्ही वेळची फी पगारातून, हप्त्याहप्त्याने.
कुठे चुकतं ते पारकरनेच सांगितलं,
भात वाढता वाढता:
"तू अकरा वर्षांच्या हिशेबाने उत्तर देतोस.
नेट गेलं की तू शिडी लावतोस.
पुस्तकातला माणूस शिडी लावत नाही.
तो आधी विचारतो, काल काय बदललं?
मग नोंद करतो. मग परवानगी घेतो.
त्याच्या कपाटात जादा स्विच असतो,
त्याच्या साहेबाला ऐकू येतं.
दोन तासांपुरता त्या कंपनीत नोकरीला लाग."

महिनाभर मी त्या कंपनीत कामाला होतो,
घलाच्या गोदामापासून रुवीपर्यंत, बसमध्ये, रोज.
तिथे प्रत्येक केबलला लेबल होतं.
जूनमध्ये कुणी गच्चीवर चढत नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी खिसे उलटे करायला लावले:
चावी, बसचं तिकीट, खजुराची एक बी.
बाईंनी चष्मा उजेडात धरला, काड्यांसकट तपासला.
मग पासपोर्ट, मग कार्ड:
सदानंद भिकाजी खातू, दोन्हीकडे तोच.
जा म्हणाल्या.

ह्याच टेबलावरून पारकर परत गेला होता.
पासपोर्टात एक 'ए', कार्डावर दोन.
सगळी उत्तरं डोक्यात तशीच घेऊन
जिना उतरला आणि खोकी उचलायला ड्युटीवर हजर.
दुरुस्तीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे अजून.
त्याला तीन वर्षं झाली.

कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललेलं.
खुळे बाहेर काढले. जुळ्यांसमोर थांबलो.
सात खुणा केल्या, परत येऊन पाच पुसल्या.
दोन ठिकाणी पहिलंच उत्तर ठेवलं,
बदलायला कारण सापडलं नाही म्हणून.
आणि मग तो प्रश्न आला:
तंत्रज्ञाने सर्वप्रथम काय करावं?
'क' होता, केबल तपासावी.
माझा हात 'क'कडे गेला,
अंधारात घरच्या कडीकडे जातो तसा.
मी तो मागे घेतला. 'अ'.
वापरणाऱ्याला विचारावं.

पास.
कागद प्रिंटरमधून गरम आला होता.
पारकरने तो दोनदा वाचला,
आधी शेवटची ओळ.

रविवारी घलाला तिसऱ्या मजल्याचं नेट गेलं.
मी विचारलं, काल काय बदललं?
शरीफसाहेब बघत राहिले,
मी त्यांच्या तिजोरीचा आकडा विचारल्यासारखे.
मग त्यांनी गच्चीकडे बोट केलं.

शिडी तापली होती. चढलो.
खाली पारकर, दोन्ही हातांना फडकं गुंडाळून,
शिडी धरून उभा.
"खातू," तो खालून ओरडला,
"नोंद कर रे."