झिरो एरर

भोसरीच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं
बाबा शाफ्ट मोजत होते,
दोन शतांश मिलिमीटरपर्यंत.
कंपनीला कुलूप लागलं त्या दिवशी
आपला व्हर्नियर तेवढा घरी आणला त्यांनी,
तेलाच्या फडक्यात गुंडाळून,
आणि ठेवला देवाच्या खालच्या खणात.

त्याच घरात मी ठरवलं, आपण पाली मोजायच्या.

आई म्हणाली, मोज की.
स्वयंपाकघरात चार आहेत, एक ट्यूबलाइटमागे.
त्याला एमएस्सी कशाला?
चिंचवडहून बघायला आलेले लोक
बशी ओठांपाशी नेऊन थांबले:
म्हणजे, मुलगी साप धरते?
धरते, मी म्हटलं, पण मुख्यतः पाली.
ते जास्तच वाईट निघालं.
तेवढ्यात पाल चुकचुकली.
म्हणीतली नव्हे, ट्यूबलाइटमागची.
मादी होती. पातळ पोटातून
दोन अंडी स्पष्ट दिसत होती
आणि मी वर बघत राहिले,
नको तेवढा वेळ.

प्रकल्प साहाय्यक. करार अकरा महिन्यांचा.
पगार ग्रँट आली तर, आली तेव्हा.
मधल्या काळात कोथरूडच्या सोसायट्यांचे फोन:
ताई, मण्यार आहे, पट्टे आहेत, लवकर या.
कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात,
शेपटीकडे विरत जातात,
मण्यारीचं उलट,
हे मी स्कूटर चालवत सांगत होते हेल्मेटमधून.
पोहोचले तेव्हा सेक्रेटरींनी फरशी पुसायच्या दांड्यानं
भुई धोपटून झाली होती.
कवड्याच होता. पट्टे मानेपासून.

आणि रात्री वेताळ टेकडी.
खाणीच्या काठावरचा काळा दगड
दिवसभराचं ऊन दहा वाजेपर्यंत
हळूहळू परत करत असतो.
खाली सगळं शहर दिव्यांचं,
इथे फक्त माझ्या बॅटरीचा गोल
आणि त्या गोलात दोन डोळे, उभ्या फटीचे,
पापणी नसलेले.
मला कुणी इतकं न लवता पाहिलेलं नाही.

संस्थेचा डिजिटल कॅलिपर खाणीच्या पाण्यात पडला
त्या आठवड्यात मी बाबांपाशी गेले.
त्यांनी खण उघडला. फडकं सोडलं.
वस्तू केवढी?
साठेक मिलिमीटर.
मटेरियल?
जिवंत आहे, बाबा.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग जबडे आवळायचे नाहीत, म्हणाले, नुसते टेकवायचे.
आणि आधी झिरो एरर बघ.
सुरुवातीलाच चूक असली
तर ती प्रत्येक मापात तेवढीच येते,
म्हणून दिसत नाही.

परवा ते स्वतःच आले खाणीवर.
गुडघा धरत चढले, वाटेत दोनदा बसले,
मोजे पँटवर ओढून घेतले सापांसाठी.
मी दगडपाल धरली, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
आणि माप वाचलं, कारखान्यातल्या आवाजात:
एकोणसाठ पॉइंट चोवीस.
मी लिहिलं. आता शेपूट, म्हटलं,
आणि माझाच अंगठा जड पडला.
शेपूट तुटून त्यांच्या तळहातावर पडली,
नाचायला लागली.

त्यांनी हात झटकला नाही.
ती थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.
परत येते?
येते. पण आत हाड नसतं मग. कूर्चा असते.
रंगही जरा वेगळाच.
हं, म्हणाले.

मार्चमध्ये करार संपतोय,
हे मी अजून घरी सांगितलेलं नाही.
बॅटरी दातांत धरून
वहीत लिहिलं: शेपूट तुटली, मोजली नाही.

का? ते म्हणाले. आहे की इथे.
आणि तो एवढासा तुकडा
जबड्यांत अलगद टेकवून
उजेडाकडे वळले.
घे लिहून.
बेचाळीस पॉइंट शून्य आठ.