उड्डाण क्रमांक सतरा

अलाबामातल्या तांबड्या मातीवर
ट्रकभर खडी ओतून त्यांनी चंद्र केला आहे.
विवरं फावड्याने. वेल्डर ऑडेल प्रूइट
दर सोमवारी त्यांच्या कडा नीट करतो,
कारण रविवारी हरणं तुडवून जातात.

यान म्हणजे तीन पाय, चार टाक्या
आणि खाली बघणारा एक कॅमेरा.
पहिली सोळा उड्डाणं दोरीला बांधून,
रांगत्या पोराच्या कमरेला बांधतात तशी.
आज दोरी सोडली.

वाफ. मग आवाज. मग दहा मीटरवर
ते नुसतंच थांबलं,
निरोप घेऊन आलेला माणूस
निरोपच विसरून दारात उभा राहतो तसं.
लर्लीन सेकंद मोजत होती: एकवीस, बावीस…
उतरायचं होतं पांढऱ्या फुलीवर.
ते चार मीटर डावीकडे सरकलं
आणि टेकलं.

टाळ्या नाहीत. चूक ती चूक.
रात्रभर आकडे उपसले. कॅमेऱ्याला काय दिसलं?
एक सावली, मुठीएवढी.
अहवालात कारणाचा रकाना कोरा राहिला.

सकाळी ऑडेल फुलीपाशी वाकला.
खडीत टिटवीची अंडी, खडीच्याच रंगाची,
चार. एक तडकलेलं.
आणि टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत
त्याला लांब लांब नेऊ बघणारी.

आमच्याकडे म्हणतात, ती पाय वर करून झोपते,
आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून.
ऑडेलला हे ठाऊक असायचं कारण नाही.
त्याने रंगाचा डबा उचलला
आणि नवी फुली वीस पावलं पलीकडे काढली,
नेमकी हरणांच्या वाटेवर.