लहान कढई

डॉक्टर धकात्यांनी आधी भात काढला,
मग पोळी, मग संत्रा बर्फी,
आणि कागदाच्या तळाशी लिहिलं :
मटण, अंडी, पनीर चालेल.
मी हसलो.
गोळीबार चौकात बत्तीस वर्षांची माझी सावजी खानावळ,
आणि मटण चालेल म्हणे!
मासोळीला सांगा, पाणी चालेल.

तीन महिने भाकरीशिवाय रस्सा ओरपला.
साखर उतरली, पट्टा दोन भोकं आत गेला,
आणि एका पहाटे उजव्या पायाचा अंगठा असा पेटला
की चादरीचा काठही सोसेना.
युरिक ॲसिड, डॉक्टर म्हणाले,
आणि त्याच पेनानं मटणावर काट मारली.

"मंग खाऊ काय साहेब? कागद?"
"पालेभाज्या. जवस. दही. पनीर.
लोक राहतात की."

लोक राहतात.
माझ्याच घरात एक राहते.

सुलोचनानं लग्नाच्या चौथ्या वर्षी
रिद्धपूरला जाऊन उपदेश घेतला.
तेव्हापासून तिची पळी वेगळी, शेगडी वेगळी,
मागच्या पडवीत.
माझ्या पंधरा किलोच्या गंजापुढे
तिची कढई म्हणजे भातुकलीतली.
इतक्या वर्षांत मी तिच्यात कधी बोट बुडवलं नाही.
तिनंही विचारलं नाही कधी, चाखता का.

आधी मीच शहाणपणा केला.
फुलकोबी किसली, म्हटलं हाच भात.
झिबल आचारी कमरेवर हात ठेवून पाहत राहिला :
"मालक, कोंबड्यायसाठी करून राह्यले का?"
वरून नुसती तर्री ओतली.
कोबीला कोबीचाच वास.
दुसऱ्या दिवशी पनीर, काळ्या मसाल्यात,
खसखस, दगडफूल, काही सोडलं नाही.
पनीर आतून पांढरंच राहिलं,
दुसऱ्याच्या वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखं.
पाटोडी? बेसन मोजून, म्हणाले.
आणि साबुदाण्याचं तर नाव नको,
एकादशीइतकी पापी साखर दुसऱ्या कोणत्या दिवशी नाही.

चौथ्या दुपारी गिऱ्हाइकी ओसरल्यावर
रिकामं ताट घेऊन मी पडवीत जाऊन बसलो.
तिनं पाहिलं. बोलली नाही.
आंबाडीची भाजी वाढली,
जवसाची चटणी, तिच्यावर कच्चं तेल,
काकडीचं दही, त्यात बारीक चिरलेला सांबार.

दोन घास गेल्यावर कळलं,
आंबाडीत कण्या नव्हत्या.
आमच्याकडे कण्यांशिवाय आंबाडी कोणी शिजवत नाही.
म्हणजे ती रोज तशी करत होती,
मी येईन म्हणून,
कोबी किसत होतो त्या दिवसापासून.

"यात मसाला काहून नाही?"
"हाय ना," ती म्हणाली, "जीभ थांबू द्या."

त्या दिवशी थांबली नाही.
आठवड्यानं थोडी थांबली.
आंबटामागे तुरट काहीतरी,
त्याच्याही मागे ओल्या फडक्यासारखं थंड.
त्या चवीला नाव असेल, मला माहीत नाही,
आमच्या धंद्यात तिची कधी गरज पडली नाही.

साधू झालो असं नाही.
झिबलची पाठ वळली की पळी चाटतो अजून,
अंगठा रात्रीच चुगली करतो.
मीठ बरोबर आहे का, ते आता वासावरून सांगतो;
दोनदा चुकलो, गिऱ्हाईक बोललं.

पण अकराव्या की बाराव्या दिवशी
ताट घासायला ठेवताना दिसलं :
कढईत भाजी उरतच नव्हती.
ती भाकरी नुसत्या चटणीशी खात होती,
माझ्याकडे पाठ करून,
जसा मी इतकी वर्षं
तिच्याकडे पाठ करून जेवलो.

काल इतवारीत भांड्यांच्या ओळीत गेलो.
दुकानदार ओळखीचा. "या मालक,
वीस किलोचा गंज आलाय नवीन."
मी दोन्ही हातांनी माप दाखवलं : एवढीशी कढई.
तो हसला. "किती माणसांची?"

"दोन," म्हटलं,
आणि भाव करायचं राहूनच गेलं.