शेरा

तालुक्याहून टॅब आला, सोबत पत्र:
यापुढे केसपेपर बोलून भरावा.
डॉ. धुरी मॅडमनी तो फिनेलच्या बाटलीला टेकवून उभा केला
आणि म्हणाल्या, घाडी, तुमचं अक्षर सुटलं.

एकतीस वर्षं व्रणोपचारक मी, आचऱ्याच्या दवाखान्यात.
खोड्यात गुरं अडकवली, सुया उकळल्या,
नोंदवहीत लाल शाईने रकाने आखले:
तारीख, मालक, जनावर, लक्षण, उपचार,
आणि कडेला, दोन बोटं रुंद, शेरा.

कान चांगले आहेत त्याचे.
कुणी म्हणावं, गाय आंबोण हुंगता नि मागे सरता,
तो लिहितो, एनोरेक्सिया.
कुणी म्हणावं, पोटाचो नगारो झालो,
तो लिहितो, टिंपनी.
मॅडम म्हणाल्या, त्या शब्दातही नगाराच आहे, ग्रीकांचा.
तेव्हापासून तो शब्द मला जरा सोयरा वाटतो.

त्याची पहिली चूक सापडली
तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
जेटीवरून बाबी सारंग कुत्रा घेऊन आला, जाळ्यात गुंडाळून.
"बांगड्यावांगडा गळ गिळल्यान हो."
काचेवर उमटलं: गळू, घशाजवळ. चिरा देऊन निचरा करावा.
मॅडम हसल्या नाहीत.
बोटाने फक्त उकार पुसला,
आणि चिमटा मागितला.
तेवढ्या उकारावर एक कुत्रा टांगलेला होता.
तीन दिवस मी ही गोष्ट बाजारभर सांगितली.

मग भाद्रपदात तिघे आले, तीन गावांतून, तीन दिवशी.
एक म्हणाला, तोंडातसून तार लोंबता.
एक म्हणाला, कुर्लेन धरल्यासारखो पाय झाडता.
तिसरा, जिभेची साल गेली.
मी तिघांना तीन ओळी दिल्या असत्या आणि तीन औषधं.
त्याने तिन्हींखाली एकच रेघ ओढली:
लाळ्या-खुरकूत?
प्रश्नचिन्हासकट.
एवढी अदब माझ्या लाल शाईत कधी नव्हती.
दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पेटीतून लस आली.
चौथ्या गावातलं जनावर लंगडत आलं नाही,
आणि मी जेटीवरची गोष्ट सांगायची थांबवली.

परवा इंदुमती तळवडकर आली, बाणीला घेऊन.
ताप नाही. रवंथ आहे. शेण बरं.
"रुसली हा," काकी म्हणाली,
"चेडू गोव्याक कामाक गेला. तेच्याच हातचा खाय."
टॅब थोडा थांबला.
'रुसणे' हा शब्द यादीत नाही. जवळचा निवडा:
सुस्ती, उदासीनता, इतर.
मॅडमचं बोट 'इतर'वर गेलं आणि तिथेच राहिलं.
मी कपाटावरून जुनी वही काढली, वाळवीने कड खाल्लेली.
पान सापडलं. अक्षर माझंच, तरुण:
रुसली. चौथ्या दिवशी मालकीण माहेराहून आली. खाल्लं.
मॅडमनी ते टॅबला वाचून दाखवलं, सावकाश,
नव्या कंपाउंडरला सांगावं तसं.
तो लिहिता झाला: विलगीकरणानंतर आहारात घट.
"विलगीकरण नव्हे रे," मॅडम म्हणाल्या,
पण पुढचा शब्द त्यांनाही लगेच सुचला नाही.

आठ महिने उरलेत माझे.
दुपारी दवाखाना रिकामा झाला की
मी एकेक शेरा त्याला वाचून दाखवतो.
कुणी सांगितलेलं नाही. पगारात धरलेलं नाही.
काही तो घेतो, काहींपाशी नुसता लुकलुकतो.

आज वाचलं:
बैल दगावला. मालक दावं हातात घेऊन
बराच वेळ खोड्यापाशी उभा.

त्याने विचारलं, रुग्ण कोण?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
खाडीला भरती लागलीय,
पलीकडची शेवटची होडी सुटेल,
आणि मॅडम किल्ली मागतायत.