पाव इंच

खैरनार साहेबांच्या मुलीनं तिकडून पाठवलेलं चित्र
नळीतून काढून मी टेबलावर पसरलं.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
पक्कड, फेव्हिकॉलचा डबा, लोखंडी पट्टी
आणि सोमाचा हात.

मुरमाड जमीन. मागे सपाट माथ्याचे डोंगर.
"अंकाई-टंकाईच की," सोमा म्हणाला,
"फक्त हडबीची शेंडी काढायची राहिली."
मध्ये एक घोडेस्वार, पाठमोरा.
त्याच्यामागे कापडी छताची गाडी,
आणि उरलेलं सगळं आभाळ.

साहेबांनी तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
कोऱ्या करकरीत नोटांतली चूक शोधली.
खिशातलं भिंग अजून सुटलेलं नाही.
बराच वेळ वाकून पाहिलं, म्हणाले,
"पहाट आहे. माणूस निघालाय.
पुढे सगळं मोकळं. कसली शांतता आहे बघा.
सोनेरी फ्रेम करा, चार बोटं रुंद."

मला ती संध्याकाळ वाटली.
घोड्याची मान खाली,
गाडीचं एक चाक जरा जास्तच रुतलेलं,
आणि तो पिवळा,
रॉकेल संपत आल्यावर कंदील देतो तसला.
पण गिऱ्हाइकाची पहाट
आपण कशाला मावळवायची?

साहेब गेल्यावर सोमा म्हणाला,
"दादा, इथं कोणीतरी भाकरी भाजतंय."
डाव्या काठाला, टेकडीच्या पायाशी
धुराची रेघ. केसाएवढी.
भिंगाखालून निसटलेली.
"चूल सकाळची का सांजची, ते धुरावरून नाही कळत.
पण त्या बाईनं ह्याला बघितलंय.
ह्यानं तिला नाही."

सोमा भोये, हरसूलच्याही पुढचा.
सरकारी नकाशात त्याच्या पाड्याच्या जागी
नुसता हिरवा रंग आहे,
असं एकदा बोलला होता, चहा गाळता गाळता.

माउंट नेहमी काठ खातो.
पाव इंच. धंद्याचा नियम.
पुठ्ठा ठेवला, तर धूर नेमका त्याच्याखाली.
सरकवला. पुन्हा सरकवला.
शेवटी उजवीकडचं आभाळ जास्त झाकलं.
आभाळाला काय, भरपूर होतं.

शनिवारी साहेब आले. लांबून पाहिलं.
"जरा एका बाजूला बसलंय का हो?"
मी काच पुसत राहिलो.
मग त्यांनी भिंग काढलं, उजवीकडून सुरुवात केली,
सवयीनं, ओळीनं,
आणि डाव्या काठाशी थांबले.

बाहेर बिटको चौकातला सिग्नल
दोनदा हिरवा झाला.